नानांच्या हॉलातली नीट

गोवर्धन नाना म्हात्र्यांनी माझ्या मुलीच्या कानातल्या रिंगा काढून घेतल्या, तेव्हा आमची धड ओळखही झालेली नव्हती.

मार्चमधला रविवार होता, दुपारची वेळ. डोंबिवली पूर्वेला जिथे गाव संपतं आणि टॉवर सुरू होतात तिथे आमची सोसायटी आहे, आणि सोसायटीच्या समोर नानांचा लग्नाचा हॉल. त्या हॉलच्या दारात पस्तीस-चाळीस मुलंमुली अनवाणी रांगेत उभी होती. चपलांचा ढीग बाजूला, लग्नात असतो तसाच. आणि दारात, मॉलमध्ये वॉचमनकडे असतो तसला बीप वाजणारा दांडा घेऊन एक साठीतला माणूस एकेकाला खांद्यापासून पायापर्यंत तपासत होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात करंगळीएवढी साखळी, मनगटात कडं आणि तीन बोटांत अंगठ्या.

मुग्धाची पाळी आली. दांडा कानाशी नेताच कुंई करून ओरडला.

"कानान काय हाय गो?"

"रिंगा आहेत. छोट्या."

"कार."

मुग्धा माझ्याकडे बघायला लागली. मागच्या मुलाने भाषांतर केलं, "काढ म्हणतायत."

रिंगा काढल्या. दांडा ओरडला. केसातली पिन काढली. ओरडला. फ्रॉकच्या पाठीला एक हुक होता, त्यावरून बरीच चर्चा झाली. दांडा ओरडतोय तो नानांच्या हातातल्या कड्याला बघून, हे रांगेतल्या शेवटच्या पोरालाही कळलं होतं. सांगायची हिंमत कोणाची नव्हती. पुढच्या रविवारी मात्र नाना अगदी ओकेबोके होऊन हजर झाले. सगळं सोनं काकूंच्या ताब्यात देऊन आले होते. सोन्याशिवाय ते इतके वेगळे दिसत होते की केटररच्या माणसाने त्यांनाच विचारलं, "शेठ कुठे भेटतील?"

तर ही नीटची रंगीत तालीम होती. नीट म्हणजे डॉक्टर व्हायचं असेल तर द्यावी लागते ती परीक्षा. ज्यांच्या घरात सतरा-अठरा वर्षांचं मूल आहे त्यांना हे सांगायला नको, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. नानांचं स्वतःचं शिक्षण नववी. त्यांच्या घरातलं कोणी नीटला बसत नव्हतं. नातवंडं अजून बालवाडीत नाक पुसून घेत होती. तरीही परीक्षेच्या आधीचे दोन महिने, ऐन लग्नसराईत, रविवारी दुपारी नाना हॉल लग्नाला देत नसत. पाच वाजेपर्यंत नीट, मग हळद नाहीतर रिसेप्शन.

कोणी कारण विचारलं तर गावातली माणसं सांगत, "नाद हाय त्यांना. कोनाला बैलांचा असतो, यांना नीटचा."

आमची सोसायटी नानांच्या वडिलांच्या भातशेतीवर उभी आहे. त्यामुळे नानांना आमचे फ्लॅट नंबर लक्षात राहत नाहीत, खाचरं राहतात. मला पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा म्हणाले, "तू चवथ्या माल्यावची ना? तुज्या किचनखाली आमची विहीर होती. तुला पान्याची ददात नाय परनार." आमच्याकडे दर एप्रिलपासून टँकर येतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. मोठ्या माणसाचा आशीर्वाद कशाला खोटा पाडा.

नाना सगळ्यांना एकेरीत बोलतात. मला, माझ्या नवऱ्याला, नगरसेवकाला, आणि करंदीकर सरांनाही. करंदीकर सर म्हणजे ज्युनियर कॉलेजातून निवृत्त झालेले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. शुद्ध बोलणारे, शुद्ध जेवणारे, उन्हाळ्यातही मोजे घालणारे. नानांच्या परीक्षेचे पेपर ते काढून देत, फुकट. या दोघांची दोस्ती कशी जमली ते दोघांनाही सांगता येत नाही. सर 'म्हात्रे' म्हणत, नाना 'सर तू' म्हणत. "सर, तू यंदा फिजिक्स कठीन कार. पोरा लय हसत बाहेर येतान."

सरांचं काम कागदावर संपायचं आणि नानांचं तिथून सुरू व्हायचं. नानांचं म्हणणं असं, की अभ्यास काय कोणीही करतो, पोरं मरतात ती सेंटरवर. सेंटरवर काय पण होईल, आणि जे काय होईल ते सगळं आधी आपल्या हॉलात होऊन गेलं पाहिजे. म्हणून ते एका रविवारी पंखे बंद ठेवत. दुसऱ्या रविवारी भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं मागे. एकदा प्रत्येक रांगेत एक पेन बंद पडणारं. ऐन केमिस्ट्रीच्या मध्यात कोणीतरी येऊन अंगठ्याचा ठसा मागायचा, आणि पाच मिनिटांनी परत येऊन सांगायचा की आधीचा पुसट आलाय.

नाना स्वतः स्टेजवर बसायचे. स्टेजवर बसायला नवरा-नवरीची मखमली खुर्ची सोडून दुसरं काही नसल्यामुळे, मागे थर्माकोलचे दोन मोर आणि पुढे नववी पास सुपरवायझर, अशा थाटात एकशेऐंशी प्रश्न सोडवले जात.

सगळ्यात कहर म्हणजे डीजे. बरोबर साडेतीनला हॉलच्या मागच्या पटांगणातून हळदीची गाणी सुरू व्हायची. भिंती हलायच्या. करंदीकर सर कानात बोटं घालून धावत आले.

"म्हात्रे, हे अघोरी आहे!"

"सर, खऱ्या दिवशी सेंटरच्या बाजूला हलद असली तं? मे महिना हाय. हलद असनारच."

"पण मुलांनी एकाग्र व्हायचं कसं?"

"त्याचीच तं प्रॅक्टिस हाय."

सर हताश होऊन बसले. पाच मिनिटांनी मी बघितलं तर त्यांचा उजवा मोजा ठेका धरत होता.

एका रविवारी संध्याकाळचं लग्न होतं. नवरदेव बिचारा चार वाजता स्टेजची सजावट बघायला म्हणून आत आला. गेटवर कोणी नव्हतं, नाना पाणी प्यायला आत गेलेले. परत येऊन बघतात तर हॉलात एक अनोळखी, बूट घातलेला, पूर्ण बाह्यांचा इसम. नानांनी त्याला थांबवलं, बूट काढायला लावले, घड्याळ जप्त केलं आणि सांगितलं, "एकदा आत आला त्यो पाचच्या आधी बाहेर जात नाय. रूल म्हंजे रूल." तो म्हणाला, अहो माझं लग्न आहे. नाना म्हणाले, "साडेसातचा मुहूर्त हाय, माना माहीत हाय. बस." आणि रिकामा बसून काय करणार म्हणून त्याच्या हातात पेपर दिला. मुलगा मेकॅनिकल इंजिनीयर होता, वागळे इस्टेटमध्ये नोकरीला. फिजिक्समध्ये बरे मार्क पाडले. बायोलॉजीत चुकीच्या उत्तरांचे मार्क कापले जाऊन जाऊन वजा सात. करंदीकर सरांनी हा निकाल जेवणाच्या पंगतीत, कोणतीही वाईट भावना मनात न ठेवता, मुलीच्या मामाला सांगितला. लग्नाच्या दिवशी जीवशास्त्रात मायनस, ही बातमी वधूपक्षात किती वेगाने पसरली असेल ते सांगायला नको.

पालकांनाही सुटका नव्हती. नानांनी आमचीही मॉक ठेवली होती. हॉलबाहेर सतरंजी टाकून आम्ही तीन तास बसायचं. मोबाइल नाही, जप नाही, दुसऱ्याच्या मुलाचे मार्क विचारायचे नाहीत. आणि पोरं बाहेर आली की 'कसा गेला' विचारायचं नाही. एका बाईंनी विचारलं. नानांनी त्यांना पुढच्या रविवारी सतरंजीवर बसू दिलं नाही, गेटबाहेर उभं केलं. त्या बाई ठाण्याच्या एका बँकेत मॅनेजर आहेत.

हे सगळं मी आज हसत सांगतेय. तेव्हा हसायच्या स्थितीत नव्हते.

मुग्धाचा तो दुसरा प्रयत्न होता. पहिल्या वेळी तिने काय केलं, तर एकतिसावा प्रश्न सोडून दिला आणि त्याचा गोल मात्र रंगवला. म्हणजे बत्तिसाव्याचं उत्तर एकतिसाव्यात, तेहेतिसाव्याचं बत्तिसाव्यात. दोन तास पोरगी एक रांग चुकून गोल रंगवत राहिली. शेवटची वीस मिनिटं उरली तेव्हा लक्षात आलं. ते गोल पुसता येत नाहीत. ती घरी आली, चप्पल न काढता सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, मला सगळं येत होतं." त्यानंतर तिने वर्षभरात फारसं काही म्हटलं नाही. अभ्यास करायची, पण परीक्षेचा कागद समोर आला की हात थंड. क्लासच्या टेस्ट बुडवायला लागली. आम्हाला वाटायचं जातेय, ती जाऊन बागेत बसायची. नवरा म्हणाला, "समोरच्या त्या म्हात्र्यांकडे पाठवून बघ. निदान खिडकीतून दिसेल तरी."

त्या पहिल्या रविवारी, रिंगांचं प्रकरण आटोपून मुग्धा आत गेली, आणि चाळिसाव्या मिनिटाला उठून दाराशी आली. मी सतरंजीवरून उठले. नानांनी मला हातानेच बसवलं.

"काय झाला गो?"

"मला जमत नाहीये. मी जाते."

"जाता येत नाय. पाचला गेट उघरनार."

"मी काही लिहिणार नाहीये पण."

"नको लिवू. कोन बोलला लिव म्हनून? बस निस्ती."

मला वाटलं ती रडेल. ती परत गेली आणि खरोखरच पाच वाजेपर्यंत नुसती बसली. कोरा कागद देऊन बाहेर आली. नानांनी तो कागद इतरांच्या गठ्ठ्यात ठेवला, शिक्का मारला, आणि तिला म्हणाले, "फुडच्या रविवारी टायमावर ये."

दुसऱ्या रविवारी तिने नाव लिहिलं आणि बसली. तिसऱ्या रविवारी डीजे सुरू झाल्यावर, म्हणे, आजूबाजूची सगळी वैतागलेली तोंडं बघून तिला हसू आलं आणि तिने बॉटनीचे वीस प्रश्न सोडवले. चौथ्या रविवारी तिचे मार्क आले. फार नव्हते. पण नाना ते कागद घेऊन रस्ता ओलांडून आमच्याकडे आले, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद असताना. दम खात म्हणाले, "रांग चुकली नाय. एक पन नाय. माना त्यातला काय कलत नाय, पन मी पट्टी लावून बघलीय." त्यांनी सगळेच्या सगळे एकशेऐंशी गोल पट्टी लावून तपासले होते.

मुग्धाला त्या वर्षी सीट मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते. मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात आहे, दुसऱ्या वर्षाला. मेसमधल्या जेवणाबद्दल रोज फोन करते. हे आधीच सांगितलं, कारण मला जे सांगायचंय ते परीक्षेच्या दिवशी घडलं आणि ते मुग्धाबद्दल नाही.

तिचं सेंटर कल्याणच्या पुढे, विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूच्या एका शाळेत आलं होतं. गेट दीडला बंद होणार होतं. नानांनी जाहीर केलं, नऊला निघायचं, माझ्या गाडीतून. डोंबिवलीहून विठ्ठलवाडीला जायला साडेचार तास! माझा नवरा म्हणाला, एवढ्यात पुण्याला जाऊन येता येईल. नाना म्हणाले, "तू पुन्याला जा. पोरगी माज्यासोबत येल." आदल्या रविवारी ते एकटे जाऊन रस्ता बघून आले होते. त्याच नावाची आणखी एक शाळा उल्हासनगरच्या आत आहे, रिक्षावाले तिकडे नेतात, हेही शोधून आले होते. आम्ही सकाळी पावणेदहाला बंद गेटसमोर उभे होतो. आमच्याआधी फक्त एक कुत्रा आलेला.

रस्ताभर नानांची बडबड चालू होती. यंदा राज्याच्या कोट्यात काय होईल, प्रवेशाच्या तिसऱ्या राउंडला कोणत्या कॉलेजचा कटऑफ उतरेल. इतर पालक जमले तसे त्यांच्याभोवती गर्दी झाली. अकराला गेट उघडलं, मुग्धा सगळ्यांच्या आधी आत गेली. आत जाताना तिने मागे वळून बघितलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं.

समोरच्या टायरच्या दुकानाचं शटर बंद होतं. त्याच्या पत्र्याखाली सावली होती. तिथे आम्ही बसलो. मी पोळीभाजीचा डबा काढला. "जेवून घ्या नाना." "मागून," म्हणाले. एक वाजला तसे ते बोलायचे थांबले. सव्वा वाजता उठून उभे राहिले आणि रस्त्याच्या टोकाकडे बघायला लागले. मला वाटलं कोणाची वाट बघतायत. विचारलं तर मान हलवली. दीड वाजता वॉचमनने गेट ओढून घेतलं, कडी घातली. नानांनी डोळे मिटले. मला तेव्हा काही उमगलं नाही.

चार मिनिटांनी एक रिक्षा आली. चालवणारा माणूस मुलीचा बापच होता. मुलगी रिक्षा थांबायच्या आधीच उडी मारून पळाली. हातात पारदर्शक बाटली, फोटो लावलेला कागद. गेटवर दोन्ही हात आपटले. "दादा, आम्ही त्या दुसऱ्या शाळेत गेलेलो! तिकडचे म्हणाले इकडे जा! दादा!"

वॉचमन तरुणच होता. म्हणाला, "माझ्या हातात नाही गं."

आता माझ्या मनात काय आलं ते प्रामाणिकपणे सांगते. मला वाटलं, नाना आता तिला रूल म्हंजे रूल ऐकवणार. ती दोन महिने ऐकलेली टेप होती. नाना गेटपाशी गेले. वॉचमनपुढे हात जोडले. "भाऊ, चार मिनिटा. पोरीची चार मिनिटा." तो मान हलवत राहिला. आत एक बाई खुर्चीवर बसल्या होत्या, त्यांना नानांनी गजांमधून हाक मारली, "ताई, ओ ताई, तुमच्या पाया परतो." नानांच्या तोंडून 'तुम्ही' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्या बाई उठून गेटपर्यंत आल्या. वाईट वाटत होतं त्यांना, दिसत होतं. "काका, नाही सोडता येत हो," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मुलगी तिथेच रस्त्यावर बसली. रडत नव्हती. बाप तिच्याभोवती गोल गोल फिरत स्वतःच्या कपाळावर मारून घेत होता. "मीच येडा. मला वाटलं मला माहितीय रस्ता. मीच येडा." आणि नाना त्या पांढऱ्या कपड्यांत, तापलेल्या डांबरावर, तिच्या शेजारी मांडी घालून बसले.

"नाव काय गो?"

"रेश्मा."

"रेश्मा, तुज्या बापाला काय बोलू नको. पन गप पन नको राहू. शिव्या घाल त्याला. आता घाल."

मुलीने चमकून बघितलं. बापही थांबला.

"माज्या पोरीनी नाय घातल्या," नाना म्हणाले. "नयनानी. दहा-बारा वर्सा झाली. तिचा सेंटर कल्यानला होता. त्याच दिवशी गावच्या मैदानाव क्रिकेटची फायनल. मी परमुख पाहुना. ट्रॉफी माज्या हातानी द्यायची होती. ती सकालपासून तयार. मैदानाव येऊन माज्या खुर्चीच्या बाजूला उभी रायली, हातान अशीच बाटली. बाबा, चल. मी बोललो, थांब गो, दोन वोवर रायल्यात. मंग बोललो, थांब, शाल घेतो आनि निंगू. माज्या अंगाव शाल टाकली, भाषान झाला, फोटो काढला. फोटोन ती पन हाय, बाजूला." ते थांबले. "तिथनं कल्यानला पोचलो तं गेट बंद. मी लय राडा केला. वॉचमनची कॉलर धरली. माना वलखत नाय काय, असा बोललो. ती निस्ती बोलली, बाबा, चल घरी. फुडच्या वर्सी तिनी फॉर्मच नाय भरला. मी बोललो भर. बोलली, नको. बस, तेवराच. राग नाय, रडना नाय. मंग लगीन झाला. माज्याच हॉलान."

पलीकडे टायरच्या पत्र्याखाली इतर पालक खाली मान घालून बसले होते. मुलीने ओढणीने तोंड पुसलं आणि बापाला म्हणाली, "पप्पा, बसा आता खाली. ऊन लागेल." तिच्या आवाजात राग होता, आणि तो ऐकून नानांचा चेहरा जरा सैल झाला.

"रविवारी डोंबिवलीला ये," ते तिला म्हणाले. "लगीच नको. रडून घे आदी. मंग ये." ती नंतर खरंच आली. अजून येते. ते असो.

मी डबा घेऊन त्यांच्याजवळ गेले तेवढ्यात नानांचा फोन वाजायला लागला. त्यांनी खिशातून काढला, नाव बघितलं आणि वाजू दिला. बंद झाला, परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यांनी तो न बघता माझ्या हातात दिला.

"तू बोल, मुग्धाची आय."

"हॅलो," मी म्हटलं.

पलीकडे एका बाईचा आवाज. "बाबा नाहीत का? तुम्ही कोण?"

मी सांगितलं. मुलीची परीक्षा आहे, नाना आमच्याबरोबर आलेत.

"हां, यंदा विठ्ठलवाडी ना? आई बोलली. मी नयना, त्यांची मुलगी. पनवेलला असते." आवाज शांत होता, शिकवणारीचा वाटला, नंतर कळलं, ती शाळेत विज्ञान शिकवते. "ते आज माझा फोन नाही घेत. दरवर्षीचं आहे. जेवले का?"

"नाही अजून."

"सकाळपासून नसतील जेवले. त्यांना शुगर आहे हो. प्लीज, तुमच्याकडे काही असेल तर द्या त्यांना. आणि सांगा, मी निघालेय. मुलांना घेऊन येतेय डोंबिवलीला. मासे आणलेत, आईला करायला सांगितलेत. त्यांनी घरी यावं, एवढं उन्हात कशाला बसायचं?"

फोन माझ्या कानाशी होता, पण आवाज नानांपर्यंत जात होता. ते गेटकडे बघत होते. मी फोन थोडा खाली करून म्हटलं, "नाना, नयना म्हणतेय जेवून घ्या आणि घरी या. ती पोचतेय. मी आहे इथे, मुग्धाला मी आणीन."

नानांनी हात पुढे केला. मला वाटलं फोनसाठी. त्यांनी डब्यातली अर्धी पोळी घेतली, कोरडीच, आणि चावत चावत म्हणाले, "तिला सांग, जेवतंय."

मी सांगितलं.

"आनि सांग, पाचच्या आधी माना हलता येनार नाय." त्यांनी घास गिळला. "पोरगी आत हाय."